दर्शनासाठी ठेवण्यात येतील

चित्रकार गावरा व्रेबालोव १८३१ साली जन्मले की १८३२ साली, या प्रश्नावर वेलिमिर तेशिन यांनी बेलग्रेडच्या विद्वानांशी एकोणीस वर्षे पत्रांतून वाद घातला होता. म्हणून प्रदर्शनाच्या जाहिरातीचा मजकूर छापखान्यात देताना त्यांनी सालच गाळले. संशयास्पद साल छापण्यापेक्षा ते न छापणे हा त्यांच्या मते प्रामाणिकपणा होता. आणि पुढचा सारा घोटाळा या प्रामाणिकपणातूनच उद्भवला.

तिसा नदीकाठच्या त्या गावातील संग्रहालय दोन खोल्यांचे होते आणि वेलिमिर तिथले एकमेव कर्मचारी. व्रेबालोवांची तीन चित्रे हे त्या खोल्यांचे सर्वस्व: पुरात सापडलेली नाव, चांदण्यातला पडका किल्ला आणि खप्पड गालांचा, विस्कटलेल्या केसांचा स्वतःचा चेहरा. गेल्या वर्षभरात ती अकरा जणांनी पाहिली. त्यांपैकी चौघे वाट चुकलेले होते. आता राजधानीहून पत्र आले होते. शुक्रवारी श्रीमती गायिच पाहणीस येणार; गावाला चित्रांची कदर असल्याचे दिसले नाही, तर ती राजधानीत हलवली जातील.

छापखान्याच्या मिलेवाने मजकूर मोठ्याने वाचला. "आपल्या गावचे चित्रकार गावरा व्रेबालोव शुक्रवारी सकाळी अकरापासून संग्रहालयात दर्शनासाठी ठेवण्यात येतील. अहो, 'व्रेबालोवांची चित्रं' असं हवं ना?"

"मिलेवाबाई, चित्रकार म्हणजेच त्याची चित्रं. जाणकार असंच बोलतात."

"गावात जाणकार किती?"

"एक."

"बरं. चौकट कसली?"

"साधी. काळी. मध्ये त्यांचा चेहरा."

गावात छापण्याजोगे आता फक्त मृत्यूच उरले होते, त्यामुळे मिलेवाच्या हाताला एकच वळण होते. तिने सवयीने कागद डकवले: पावाच्या दुकानाच्या दारावर, बाजारातल्या मोठ्या झाडावर, चर्चच्या फाटकावर. मृत्यूची खबर गावात तिथेच लागते, आणि ती वाचल्याशिवाय कोणी पाव घेत नाही.

शुक्रवारी पहिल्या आल्या त्या पेर्साआजी. अंगात काळे कपडे, एका हातात सहा पांढरी फुले, दुसऱ्या हातात शिजवलेल्या गोड गव्हाची परात. जिवंत माणसाला सम संख्येत फुले देत नाहीत, हे वेलिमिरना ठाऊक होते. परंतु ही त्यांनी म्हातारीची मोजण्यातली चूक मानली.

"वेलिमिरा, धीर धर," आजी म्हणाल्या.

"कशाचा?"

"पहिल्या दिवशी असंच होतं. काही सुचत नाही."

मागोमाग म्हातारा नावाडी स्रेदोये आला. त्याने आठ फुले आणली होती. तेव्हा वेलिमिरना खाली बसावे लागले.

"दोनदा पार नेलं मी त्याला," स्रेदोये त्या खप्पड चेहऱ्याकडे पाहत म्हणाला. "फार अबोल. तेव्हाच म्हटलं होतं, हा काही टिकत नाही."

सव्वा अकरापर्यंत साठ माणसे जमली. मेणबत्त्या लागल्या. लोक एकामागून एक चेहऱ्यासमोर थांबत, मग किल्ल्यासमोर, मग नावेसमोर. चमचाभर गहू खात आणि वेलिमिरचा हात दाबून बाजूला होत. श्रीमती गायिच दारात आल्या, थबकल्या आणि त्यांनी गळ्यातला लाल रुमाल काढून पर्समध्ये ठेवला.

"तेशिनसाहेब," त्या कुजबुजल्या, "राजधानीतसुद्धा चित्रासमोर असं कोणी उभं राहत नाही."

वेलिमिर गप्प राहिले असते तर चित्रे तेव्हाच वाचली असती. परंतु तपशिलातील चूक समोर असता गप्प राहणे त्यांना उभ्या जन्मात जमले नव्हते. ते उठले.

"मंडळी, गावरा व्रेबालोव यांना जाऊन दीडशे वर्षं झाली. ही शोकसभा नाही. हे प्रदर्शन आहे."

परातीतला चमचा थांबला.

"मग मी पार कुणाला नेलं?" स्रेदोयेने विचारले.

पेर्साआजींना वेगळीच शंका होती. "दीडशे वर्षं त्याच्या नावाचा गहू कुणी शिजवला?"

"कुणीच नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं."

"आणि तू इतकी वर्षं इथे बसून काय केलंस?"

"त्यांच्या जन्मसालाचा..." वेलिमिर म्हणाले, आणि त्यांनी वाक्य पुरे केले नाही. त्यांच्या आयुष्यातले ते पहिलेच अपुरे वाक्य.

कोणी घरी गेले नाही. स्रेदोये नावेच्या चित्राजवळ सरकला. "पाणी बरोबर काढलंय. वल्हं मात्र उलटं धरलंय."

"गेलेल्या माणसाला नावं ठेवू नये," आजींनी दटावले.

श्रीमती गायिच यांनी वही उघडली. "म्हणजे हे सगळं गैरसमजातून झालं. तर मग सोमवारी गाडी पाठवते, चित्रं..."

"पोरी, कुणाची गं तू?" आजींनी विचारले. "माणूस गेल्यावर चाळीस दिवस त्याच्या वस्तू घराबाहेर देतात का?"

"अहो आजी, पण त्यांना जाऊन दीडशे वर्षं..."

"आम्हाला आज कळलं."

श्रीमती गायिच यांनी साठ काळ्या कपड्यांकडे पाहिले. मग वही मिटली, गव्हाचा एक चमचा खाल्ला आणि त्या शेवटच्या माणसामागे रांगेत उभ्या राहिल्या.

पाचव्या आठवड्यात वेलिमिर पुन्हा छापखान्यात गेले.

"चाळिसाव्याचा कागद आधी," मिलेवा बोटांवर मोजत म्हणाली. "मग सहा महिन्यांचा, मग वर्षाचा. एकदा सुरू केलं की मध्ये सोडता येत नाही. या वेळी निदान मृत्यूचं साल तरी घालू ना? ते तरी पक्कं असेल."

ते पक्के होते. १८७४, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, पहाट. चर्चमधील नोंदीची नक्कल वेलिमिरच्या खिशातच होती. त्यांनी खिशावर हात ठेवला.

"साल नको," ते म्हणाले.