बिनवापराचे नाव

श्रीपाद वझे यांचे नाव सलग तीन वर्षे घरात कोणी उच्चारले नाही, म्हणून धामणखेड नगरपरिषदेने ते परत मागवले.

नोटीस मंगळवारी सकाळी आली. तिच्यात कोठेही राग नव्हता. वापरात नसलेली नावे गावात साठून राहतात आणि नव्या बाळांना नावे अपुरी पडतात. तरी घरातील व्यक्तीकडून एका महिन्याच्या आत वापर सिद्ध करावा, अन्यथा नाव जमा करावे, एवढेच तिच्यात म्हटले होते.

वझे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोटीस त्यांनी दोनदा वाचली आणि तिच्यात खोट नाही हे त्यांना मान्य करावे लागले. कचेरीत ते ‘वझेसाहेब’ होते, निवृत्तीनंतर गल्लीत ‘काका’ झाले, नागपूरला दिलेल्या मुलीसाठी, सुमासाठी, ‘बाबा’ होते. नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, त्यांची आई. माजघरातून ‘श्रीपाद’ अशी हाक आली की साठी उलटलेले वझेही हातातले वर्तमानपत्र खाली ठेवीत. आईला जाऊन त्या सोमवारी तीन वर्षे पूर्ण झाली होती. नगरपरिषदेने एक दिवसही इकडचा तिकडे केला नव्हता.

आता घरात उरल्या होत्या त्यांच्या पत्नी, कालिंदीबाई. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला ‘अहो’ याखेरीज काही म्हटले नव्हते. नवऱ्याचे नाव न घेण्याचा रिवाज या मुलखात फार जुना आहे. बहुतेक घरांत त्यामागची समजूत विरून गेली आणि रिवाज तेवढा उरला. पुढे अनेकांनी रिवाजही सोडला. कालिंदीबाईंच्या ठायी मात्र समजूतच ठाम होती. बायकोने एकदा नाव घेतले की नवऱ्याचा एक दिवस कमी होतो, असे लग्नानंतर सासूबाईंनी त्यांना सांगितले होते. औषधाच्या बाटलीवरची सूचना पाळावी तसे त्यांनी ते पाळले.

“अगं, एकदाच म्हणायचंय,” वझे म्हणाले.

“आणि दिवस जाईल त्याचं काय?”

“एका दिवसानं काय होतंय?”

“कुठला जाणार ते सांगून जातो का? नेमका सुमा माहेरी यायची असेल तोच गेला म्हणजे?”

दुकानदारांच्या मापातली कसर वझ्यांनी जन्मभर पकडली होती, पण हे माप पडताळण्याचे साधन सरकारने त्यांना कधी दिले नव्हते. शिवाय त्यांना नावापेक्षा हाक हवी होती, आणि हे बायकोला सांगण्याची त्यांच्यात पद्धत नव्हती.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी दोघे नगरपरिषदेच्या नामवापर विभागात गेले. टेबलामागे श्रीमती तांबट बसल्या होत्या. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि नोंदवही उघडली.

“काकू, यांच्याकडे बघून नाव घ्यायचं. सही मी करते.”

कालिंदीबाईंनी पदर सारखा केला. उखाण्यातून घेतलेल्या नावाला दोष लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खाकरून त्या म्हणाल्या,

“सोन्याच्या तराजूला चांदीचा काटा,
श्रीपादरावांच्या मापात अर्धा माझा वाटा.”

पलीकडच्या टेबलावरचा कारकून “वा!” म्हणाला. तांबटबाईंनाही उखाणा आवडला होता, पण त्यांनी मान हलवली.

“छान आहे हो, पण चालत नाही. उखाणा समारंभात धरतात, वापरात नाही. आणि आमच्याकडे नोंद श्रीपादची आहे. श्रीपादराव निराळे.”

“मग कसं घ्यायचं?”

“साधं. चहाला बोलावतो तसं.”

कालिंदीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. वझे समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. पण त्यांचे दोन्ही कान इकडे होते, हे बाईंना चौतीस वर्षांच्या सवयीने कळले.

“एकदा घेतलं तर नक्की एकच दिवस जातो ना?” त्यांनी विचारले.

“आयुष्याचा विषय आमच्या विभागाकडे येत नाही, काकू.”

“मग नको. तुमच्याकडे येत नाही आणि जोखीम मात्र माझ्याकडे. असू दे, नाव घेऊन जा. माणूस राहू दे.”

वझ्यांनी घड्याळावरची नजर काढली आणि पेन मागितले. जमा करण्याच्या अर्जावर त्यांनी शेवटची सही केली. दारावरची पितळी पाटी पिशवीतून आणलीच होती, ती टेबलावर ठेवली. लग्नातल्या भांड्यांवर नाव कोरलेले आहे, त्यांचे काय करायचे, असे त्यांनी विचारले. भांडी रोजच्या वापरात असल्यास सूट आहे, असे तांबटबाईंनी सांगितले.

“रकाना मोकळा ठेवता येत नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “यांच्या जागी काय लिहू?”

“अहो,” कालिंदीबाई म्हणाल्या.

त्या नवऱ्याला हाक मारीत होत्या की उत्तर देत होत्या, हे तांबटबाईंनी विचारले नाही. चौतीस वर्षांचा अखंड वापर दिसत असल्याने त्यांनी ‘अहो वझे’ अशी नोंद करून शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहो वझे व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला.

“श्रीपाद, चहा निवतोय!”

त्यांनी फाटकाकडे पाहिले. कोणी आले नव्हते. वर्तमानपत्र मात्र त्यांच्या हातून आपोआप खाली ठेवले गेले होते. कालिंदीबाई कप घेऊन बाहेर आल्या.

“हाक ऐकू नाही आली?”

“मला वाटलं, दुसऱ्या कुणाला...”

“दुसरं कोण आहे घरात? आता ते तुमचं नाव थोडंच आहे? कितीदाही घेतलं तरी तुमचं काही जात नाही.”

त्यांनी चहा घेतला. तो खरोखरच निवला होता. त्या दिवशी कालिंदीबाईंनी ते नाव सतरा वेळा घेतले: आंघोळीच्या पाण्यासाठी, हरवलेल्या चष्म्यासाठी, मीठ बेताचे झाले का हे विचारण्यासाठी, आणि दोनदा कशासाठीच नाही. वझ्यांनी दर वेळी “ओ” दिली.

पंधरा दिवसांनी नगरपरिषदेचा शिपाई पाटी आणि पत्र घेऊन आला. या पत्त्यावर सदर नावाचा भरपूर वापर होत असल्याचे शेजाऱ्यांच्या जबाबांवरून निष्पन्न झाले आहे. सबब नाव मूळ धारकास परत देण्यात येत आहे, पोच द्यावी, असा मजकूर होता.

वझ्यांनी पत्र दोनदा वाचले. मग पाटी हातात घेतली. पितळेवरची अक्षरे कोणीतरी चिंचेने घासून लख्ख केली होती. आईने हौसेने करवून घेतलेली ती पाटी त्यांनी अंगठ्याने एकदा पुसली आणि शिपायाला परत दिली.

“घेत नाही म्हणता, काका? मग कारण लिहून द्या.”

पत्राच्या पाठीवर वझ्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले : या नावाचे कोणी येथे राहत नाही. खाली सही केली, अहो वझे.

“श्रीपाद, कोण आलंय?” आतून आवाज आला.

शिपायाने मजकूर वाचला, आतल्या दाराकडे पाहिले आणि कागद पिशवीत ठेवला.

“कुणी नाही गं,” वझे म्हणाले, आणि दार लावून आत गेले.