तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतलेला लॅपटॉप

आर्व्हिड स्कोगलुंडने आणलेला खोका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कण्हलं. त्याच्या बायकोने, मार्लिसने, चष्मा लावला आणि लॅपटॉपचं झाकण उघडलं. बटणांखाली जांभळे, हिरवे, तांबडे दिवे एकमेकांच्या मागे पळत सुटले आणि आतला पंखा असा घुमला की खिडकीबाहेर दाणे टिपणारे पक्षी उडून शेजाऱ्यांकडे गेले.

"हे जरा वेगळंच आहे, नाही?" मार्लिस म्हणाली.

 डुलुथ गावातल्या त्या घरात 'वेगळं' याहून जहाल शिवी नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात ती तिने एकदाच वापरली होती, तीही धाकट्या बहिणीच्या तिसऱ्या नवऱ्याला उद्देशून.

"वेगळं म्हणजे… मजबूत आहे," आर्व्हिड पुटपुटला.

"दिसतंय ना. ट्रकखाली आला तर बिचाऱ्या ट्रकचं काय होईल, एवढीच काळजी."

तिचं मागणं काही राजवाड्याचं नव्हतं. चर्चच्या शताब्दीला बायकांच्या पाककृतींचं पुस्तक निघायचं होतं आणि ते टाइप करण्याचं काम मार्लिसकडे होतं. जुना संगणक आठवड्यापूर्वी देवाघरी गेला. तिची मनगटं संधिवाताने सुजलेली, म्हणून लॅपटॉप हलका हवा, बटणं मऊ हवीत आणि सगळं पाचशे डॉलरच्या आत. रविवारपर्यंत काम सुरू झालं नाही तर पुस्तक चर्चमधल्याच लॉरेन हुसबीकडे जाणार होतं. आणि लॉरेनच्या हाती गेलं की मार्लिसच्या आईचा बटाट्याचा पाव 'लॉरेनचा सुधारित पाव' होऊन छापला जाणार, हे उभ्या डुलुथला ठाऊक होतं.

आर्व्हिड दुकानात गेला होता तो हलक्याच लॅपटॉपसाठी. चुकलं ते पुढे.

"हा मोठा दाखवू का?" असं विक्रेत्या केंटने विचारलं होतं.

"नको नको."

"बघा तरी. खेळ खेळणारी मंडळी हाच नेतात."

"अहो, कशाला उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला त्यात! घेऊन टाका."

"बरं… आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

त्या भागात पहिला नकार संकोचाचा असतो, दुसरा शिष्टाचाराचा. तिसऱ्यांदाही नको म्हणणं म्हणजे पिढ्यांचे संबंध तोडणं. केंटही त्याच गावचा, त्यामुळे तीनदा विचारल्याशिवाय त्याला राहवेना. अशा रीतीने दोन सज्जन माणसांनी एकमेकांना न दुखावता खेळाचा लॅपटॉप, वाढीव विमा, खांद्यावरची बॅग आणि चमकणारा माउस हा व्यवहार पार पाडला. बिल झालं चौदाशे डॉलर. घरी येताना आर्व्हिडचा संताप असा उसळला, की त्याने गाडीतला रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो बोचकं घेऊन परतीच्या खिडकीवर उभा राहिला. तिथे रोझॅन होती. ती न्यू जर्सीहून नुकतीच आलेली. सगळ्यांना 'राजा' म्हणायची आणि सगळ्यांना घाईत ठेवायची.

"बोल राजा, काय बिघडलंय?"

"बिघडलेलं तसं काही नाही. छानच आहे."

"मग?"

"किंचित जड आहे, इतकंच."

"पैसे परत देऊ?"

"अहो नको, तुम्हाला कशाला त्रास."

"बरं. पुढचे!"

आर्व्हिड जागच्या जागी थिजला. आजवर त्याला पहिल्या नकारावर कुणी सोडलं नव्हतं. विहिरीत उतरवून दोर कापावा, तशी त्याची गत झाली. तो बाजूला सरला, रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा खिडकीशी आला.

"परत तू? पैसे हवेत का?"

"नाही म्हणजे… तुमची गैरसोय होत असेल तर राहू दे."

"होते तर! पुढचे!"

 घरी मार्लिसने बटाट्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, ते आवाज करून. आर्व्हिड रात्रभर छताकडे बघत दात खात होता. रोझॅनवर, केंटवर, न्यू जर्सीवर, आणि कबूल करायला नको, पण आपल्याला संकोच शिकवणाऱ्या सात पिढ्यांवरही. शनिवारी सकाळी टोपी कानांवर ओढून तो निघाला.

"काय राजा, पैसे पर…"

"हो!" आर्व्हिड ओरडला.

 रांगेतल्या एका माणसाने बुटांकडे नजर वळवली. पलीकडे केंटच्या हातून चार्जर पडला. रोझॅनला मात्र काहीच वावगं वाटलं नाही.

"त्याच्या जागी दुसरा देऊ?"

"हो!"

"हा हलका चालेल? साडेचारशेचा आहे."

"हो!"

"विमा?"

"नको!"

"बॅग?"

"नको म्हटलं ना!"

"झालं. एवढ्यासाठी तीन फेऱ्या?"

आर्व्हिड बाहेर आला तो छाती काढून. रागाने सरळ बोललं की काम होतं, हा शोध त्याला सत्तरीनंतर लागला होता.

मार्लिसने नवा लॅपटॉप एका हाताने उचलला, मांडीवर ठेवला, बोटं फिरवली. "हं, चालेल," ती म्हणाली. ही त्या घरातली सर्वोच्च स्तुती. त्या भरात आर्व्हिडने सगळा पराक्रम हावभावांसकट सांगितला. मार्लिसचा चेहरा उतरत गेला.

"पहिल्यांदा विचारल्यावरच हो म्हणालास?"

"शब्द पुरा होऊ दिला नाही तिचा!"

"लोकांसमोर? रांगेत कोण होतं?"

"लॉरेनचा नवरा."

मार्लिस उठली आणि तिने ओव्हन लावला. तासाभरात लिंबाच्या वड्या तयार झाल्या. ती दोघं दुकानात पोचली तेव्हा तिच्या हातात आईचा निळ्या फुलांचा पत्र्याचा डबा होता. दोन वड्या काढून द्यायला कागदी रुमालही आणला होता.

"सकाळी यांच्या तोंडून जरा जास्तच गेलं. थोड्या वड्या आणल्यात. घेणार का?" मार्लिसने डबा पुढे केला आणि ती 'नको नको'ची वाट पाहत थांबली.

"अगं वा! आण इकडे, राजा!" रोझॅनने डबा झाकणासकट घेतला, टेबलाखाली सरकवला. "पुढचे!"

परतताना गाडीत मार्लिसच्या हातात नुसता कागदी रुमाल उरला होता.

"डबा तू मागायचास," मार्लिस म्हणाली.

"डबा तुझ्या आईचा."

"ओरडायचा सराव तुला."

घरी येताच ती कोट न काढता नव्या लॅपटॉपपुढे बसली. तिचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला रागाचं पत्र लिहीत होती आणि आर्व्हिड मुठी आवळून मागे उभा होता. पत्र झालं. 'प्रिय रोझॅन, वड्या आवडल्या असतील अशी आशा आहे. डब्याची काही घाई नाही.'

"फार लागेल का गं तिला?" आर्व्हिडने विचारलं.

मार्लिसने पुन्हा वाचलं. "फारच लागेल," म्हणत तिने शेवटचं वाक्य पुसून टाकलं. बटणं इतकी मऊ होती, की मनगटाला काही कळलंसुद्धा नाही.