गुलाबराव ओव्हरसियरची हिरवी मोटार

समोरून ट्रक येताना दिसला की गुलाबराव ओव्हरसियर आपली मोटार रस्त्याच्या कडेला घेत, खाली उतरत, छत्री उघडत आणि मोटारीच्या पुढ्यात उभे राहत. छत्री स्वतःसाठी नव्हे, मोटारीसाठी. ट्रकच्या चाकाखालून उडालेली गिट्टी छत्रीवर बसे, नाहीतर त्यांच्या नडगीवर. ट्रक गेला की एका हाताने नडगी चोळत ते बॉनेट तपासायला लागत.

"लागलं का हो?" एकदा रस्त्यात गाठ पडली तेव्हा मी विचारलं.

"मले लागलं. गाडीले नाही."

"अहो, पण..."

"मास्तर, मानसाच्या कातडीले खपली धरते. रंगाले धरते का?"



अमरावतीला राजापेठेत आम्ही शेजारी. मी शाळामास्तर, ते रस्ते खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं वऱ्हाडभर तंबू ठोकून त्यांनी मुरूम टाकला, गिट्टी अंथरली, तिच्यावरून रोलर फिरवला. निवृत्त झाल्यावर एक जुनी विलायती मोटार घेतली, तिला बाभळीच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा रंग दिला, आणि जन्मभर स्वतःच अंथरलेल्या गिट्टीला भिऊन राहू लागले.

सेमाडोहच्या जंगलातला एक ओळखीचा फॉरेस्ट गार्ड त्यांना मधाच्या पोळ्याचं मेण आणून देई. ते टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दर रविवारी मोटारीला चोळायचं, मग मलमलीच्या जुन्या धोतराने पुसायचं. धुळीवर कोरडं फडकं मारलेलं त्यांना खपत नसे. "कोरडी धूळ पुसणं म्हंजे कानशीनं घासणं हो! अंदी पाण्यानं भिजवा, मंग हात लावा." चाकांमागे त्यांनी टायरच्या रबराच्या झालरी लावल्या होत्या. बाहेर निघताना मोटारीच्या तोंडाला गोधडी बांधत. तिला दिव्यांसाठी दोन भोकं होती. लांबून मोटार दात दुखणाऱ्या चष्मेवाल्या म्हातारीसारखी दिसे.

या थाटात, धुतलेलं धोतर नेसून, ते महिन्यातून एकदा निघत. "अकोल्याले चाललो," असं चार घरांना ऐकू जाईल असं सांगत आणि दोन तासांत परत येत.

"काय झालं?"

"बडनेऱ्याच्या पुढं रस्ता खराब आहे."

तो रस्ता कोणी केला होता, हे आम्ही कुणी विचारत नसू. पण हसायचो.

आमच्या समोर सुखदेवराव राहायचे, कचेरीत कारकून. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्या घरात शिकण्याची एक ईर्षाच आली होती. त्यांची सुशीला माझी विद्यार्थिनी, घरातली पहिली मॅट्रिक. तिला नर्सच्या शिक्षणासाठी अकोल्याला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, दुपारी बाराचं. सुखदेवराव कामासाठी अंजनगावला गेलेले, म्हणून तिच्यासोबत मी जाणार होतो. सकाळी स्टँडवर गेलो तर कळलं, बस बंद पडली आहे, दुसरी दुपारी सुटेल. बडनेऱ्याची रेल्वे केव्हाच निघून गेली होती.

आम्ही परत आलो तेव्हा साडेआठ वाजले होते.  सुशीला रडली नाही. हातातल्या पत्राची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घडी घालायची.

गुलाबराव कुंपणापलीकडे मेण चोळत होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि मोटारीच्या तोंडाची गोधडी सोडायला लागले.

"काढता कशाला?" मी विचारलं.

"बांधली तं हवा अडते, इंजिन तापते. बारा वाजाच्या आत पोचाचं आहे ना पोरीले? बसा."

त्या मोटारीत त्यांच्याशिवाय कुणी बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बडनेरा मागे पडलं. ट्रक आला. मी छत्रीकडे बघितलं, गुलाबरावांनी बघितलं नाही. 'ठण्' असा आवाज झाला.

"पाऊण इंची," ते पुढे बघत म्हणाले.

तीस वर्षं गिट्टीत काढलेला माणूस. आवाजावरून खड्याचं माप सांगत होता. मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता उखडला होता. तिथं तर ताशाच वाजायला लागला. "एक इंची... पाऊण... ही दीड इंची! कोन्या बेअकलीनं इथं दीड इंची टाकली?" मग मैलभर ते रस्ता निरखत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "मीच टाकली असन."

सुशीला तोंडाला पदर लावून हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

साडेअकराला आम्ही अकोल्यात होतो. सुशीला पायऱ्या चढून आत गेली, आणि मी मोटारीकडे वळून बघितलं. देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखं बॉनेट झालं होतं.  गुलाबराव एका टवक्यावर बोट ठेवून उभे होते.

"मास्तर, अकोल्याले पोचलो न हो."

"पोचलो. तुमच्यामुळे."

"तसं नाही. मी पोचलो." ते पायरीवर बसले. "माई बहीण राह्यते इथं. दोन गल्ल्या पल्याड. माय गेल्यावर तिनंच मले लहानाचं मोठं केलं. तिचे मालक वारले तवा मी रस्त्याच्या कामावर होतो. तार आली. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबाची तपासणी होती, म्हून थांबलो. चौथ्या दिवशी तिच्या दारात गेलो. तिनं एकच विचारलं, 'रस्ता झाला का रे तुया?'"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"त्याले अकरा वर्षं झाली. मंग ही गाडी घेतली. म्हटलं, तिच्या दारात उभी करू. तिले म्हणू, पाह्य अक्का, तुया भावाच्या रस्त्यावरून आली, अन् एक वरखडा नाही. दर महिन्याले निघत होतो. बडनेऱ्यापाशी एखादा टवका उडे, अन् वाटे, आता कसं जाव?"

"आणि नाही उडला तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाही उडला तं जास्तच भेव लागे."

ते उठले. "चाला मास्तर. आता कोनतं निमित्त सांगू?"

दोन गल्ल्या पलीकडे त्यांनी बहिणीच्या घरापुढे मोटार उभी केली. दार एका उंच, वाळक्या म्हातारीने उघडलं. ती भावाकडे बघेना. खाली उतरून मोटारीपाशी गेली. बॉनेटवर बोटभर धूळ होती. तिने धुळीवरून तळहात फिरवला, टवक्यांवरून फिरवला, सावकाश, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा.

"लय मार खाल्ला रे हिनं."

"हो."

"जेवला का?"

"नाही."

"मंग उभा कावून आहेस? हातपाय धू."

मी सुशीलाला आणायला गेलो. तिची निवड झाली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी अंगावर एवढी धूळ कशी म्हणून विचारलं, तेव्हा हिने "रस्ता बघत बघत आले" असं सांगितलं म्हणे.

आम्ही परतलो तेव्हा गुलाबराव चुलीपाशी पाटावर बसले होते. पुढ्यात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. अक्का वाढत होती आणि रागावत होती: हाडं दिसतात, केस गेले सगळे, कोणी बघणारं नाही का घरी? ते खाली मान घालून जेवत होते. आम्हाला बघून ताटावरून उठले आणि तसेच दारापर्यंत आले. सुशीलाची बातमी ऐकून त्यांनी तिच्या डोक्यावर मनगट टेकवलं, खरकटा हात लागू नये म्हणून.

"मास्तर, तुमी दोघं संध्याकाळच्या पॅसिंजरनं जा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, शाळेला सुटी मिळालेल्या पोरासारखं, "मले अक्का राह्य म्हणते."

आम्ही मान डोलावली.

"राह्य म्हणते," त्यांनी पुन्हा सांगितलं.