कसबे विलोक्रीक येथील स्टीलच्या डब्याचे प्रकरण

वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, थोर राज्ये बुडाली त्यांची हकीकत लिहिणारांस कागद पुरत नाही, परंतु लहान गावाची इज्जत कैसी वाचली हे लिहावयास कोणी बसत नाही, सबब हा मजकूर. घडले तेच लिहिले आहे; पदरचे असेल तर चवीपुरते.

कसबे विलोक्रीक, सुभा ऑन्टारियो, कनाटा शहराचे पश्चिमेस मोटारीने पाऊण तास. उंबरे एकसष्ट, बहुतेक गोरे शेतकरी, आणि मराठी घर एक. त्या घरचे धनी राजमान्य राजेश्री उन्मेषराव, टेलिकॉम कंपनीत इंजिनियर. यांस एक्सेल येते हे गावास कळताच गावपहाऱ्याची सरदारकी त्यांचे गळ्यात पडली. मग उन्मेषरावांनी मुलखातील गुन्ह्यांची मोजदाद करोन आलेख काढिला तो येणेप्रमाणे: सन २०१८ साली गुन्हे तीन, म्हणजे एक शिडी, एक फावडे आणि एका पत्रपेटीस लाथ, पुढले साली एक, होडी गेली, जी आपली आपणच वाहत गेल्याचे मागाहून निघाले परंतु दफ्तरी चोरीच राहिली, आणि त्याउपरि चार साले शून्य. आलेखाची रेघ जेवून निजलेल्या मांजराप्रमाणे जमिनीस लागली. पाचवे सालही शून्य गेले तर वेशीवर 'पाच वर्षे निर्धोक' ऐसा फलक रोवावा, ऐसा ठराव जाहला.

शके १९४६, कार्तिक मासी, दिवाळीचा फराळ करोन उन्मेषरावांचे कुटुंब सुरेखाबाई यांनी शेजारीण डोरीनबाई, उमर एक्याऐंशी, एकट्या राहणार, यांस डबाभर चकल्या पाठविल्या. डबा साधा नव्हे. झाकणावर 'सौ. वीणा द. साने, नाशिक' ऐसे कोरलेले, सुरेखाबाईंच्या मातोश्रींचे नाव, आणि मातोश्री गेल्या आषाढात निवर्तल्या. त्यांचे हातची म्हणावी ऐसी तेवढीच वस्तू या खंडावर होती.

मग एके गुरुवारी दुपारी चारांचे सुमारास उन्मेषरावांचे फोनवर दारच्या कॅमेऱ्याचे चित्र आले, त्यात निळा पार्का, म्हणजे थंडीचा जाड कोट, घातलेला कोणी इसम, टोपडे नाकापर्यंत ओढलेले, पायरीवरील डबा उचलोन चालता जाहला. राव कचेरी टाकोन घरी आले आणि माजघरातच दरबार भरला.

"सुरेखा, हे बघ, क्लिअर दिसतंय. डोरीनने डबा रिटर्न करून पोर्चवर ठेवला असणार आणि हा कुणीतरी पिकअप करून गेला. मी ऑनलाइन रिपोर्ट फाइल करतोय."

"अरे, एकदा डोरीनला विचारूया का?"

"आणि म्हणायचं काय? आमचा डबा कुठाय? ती म्हणेल, लाडू-चकल्या देतात आणि डब्याचा तगादा लावतात."

यावर सुरेखाबाईंनी तो विषय सोडिला, कारण दिलेला डबा मागू नये हा त्यांचाही दस्तूर. कन्या ऋचा हिने मात्र "बाबा, नोबडी स्टील्स अ डबा," ऐसा अभिप्राय दिला, तो दफ्तरी दाखल जाहला नाही.

तक्रार पोहोचली आणि विलोक्रीकचे गुन्हे शून्यावरून एक जाहले. वाढ किती टक्के हे पुसता एक्सेलाने उत्तर देण्याचे साफ नाकारिले. मग गावात हाहाकार उडाला. ज्या कोठारांस तीन पिढ्या कडी नव्हती त्यांस कुलपे लागली, आणि निळ्या पार्क्यांची गणती होता गावात बावीस भरले, त्यांतील एक खुद्द सरदारांचा. फलकासाठी खणलेला खड्डा बर्फाने भरला. उन्मेषरावांस फलक गेल्याचे दुःख, तर सुरेखाबाई भांडी घासता घासता रडत, कारण नळाचे आवाजात रडे ऐकू जात नाही. या दोन दुःखांची बरोबरी करू नये, लिहिणाराचे मत कोणीकडे आहे हे उघड आहे.

ऐसे सोळा दिवस गेले आणि शनिवारी समाजगृहात सभा भरली. पोलीस अंमलदार उभे राहोन सालचा आकडा वाचणार, इतक्यात दार उघडोन डोरीनबाई आल्या. अंगी निळा पार्का, हाती तोच डबा. बावीस पार्क्यांची गणती करिताना म्हातारीचा पार्का कोणी मोजिला नव्हता.

बाईंनी निवेदन केले ते ऐसे: त्या गुरुवारी आपण डबा धुवोन पायरीवर ठेविला, कॅमेऱ्यावर बर्फ बसले होते ते हातमोज्याने पुसले, आणि फाटकापर्यंत गेल्यावर स्मरले की दोन उन्हाळ्यांपूर्वी सुरेखाची आई येथे आली असता आपण तिजला रिकामी बशी परत केली, तेव्हा तिने बशी हातात न घेता, लेकीकडून इंग्रजी करवोन, ताकीद दिली होती की शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये. म्हणोन आपण माघारी फिरलो आणि डबा उचलिला. परंतु भट्टीची तार जळाली, कारागीर दोन आठवड्यांनी आला, पहिला घाणा करपला, सबब विलंब जाहला, आणि बर्फामुळे घराबाहेर न पडल्याने चोरीचा बोभाटा आजच कानी आला, माफी असावी.

झाकण उघडिले तो आत बटर टार्ट, भट्टीत भाजलेल्या गोड सारणाच्या वाट्या, एकास एक खेटोन. सुरेखाबाईंनी झाकणावरील नावावरून बोट फिरविले आणि भरल्या सभेत डोरीनबाईंचे गळ्यात पडोन मराठीतच म्हणाल्या, "आई असती तर किती हसली असती हो!" डोरीनबाईंस भाषा कळली नाही, मजकूर कळला.

मग अंमलदारांनी हुकूम केला की गुन्हा घडलाच नाही, तक्रार रद्द. सरदारांनी सर्व गावासमक्ष माफी मागितली, दोन टार्ट खाल्ले, आणि कुलपे निघाली. फलक रोवला गेला, किंचित डावीकडे कलता, कारण जमीन गोठली होती.

हे यश कोणाचे, ऐसे पुसाल तर फौजेचे नव्हे, कॅमेऱ्याचे नव्हे, वीणाबाईंच्या एका हुकुमाचे. हुकूम देणार गेल्या, अंमल चालू आहे. उन्मेषरावांचे एक्सेलात त्या सालापुढे शून्य नोंदले असोन शेजारी एक नवा रकाना आहे, तो सुरेखाबाईंनी भरिला. त्यात लिहिले आहे: डबा डोरीनबाईंकडे. भरून गेला आहे.