हलका नको, भारी दाखव

पुंजारामने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, खालीवर करून तोलला आणि तोंड वाकडं करून काउंटरवर ठेवून दिला.

"हलका हाय," तो म्हणाला.

जालन्यातल्या त्या दुकानाचा मालक सर्जेराव खूश झाला. "हलकाच पाहिजे ना काका. पोरगी विद्यापीठात चालली म्हणता. रोज पाठीवर घेऊन फिरणार ती. वजन काहीच न्हाई, आन पावर बघा याची."

"मला हलका माल नको. पोरीच्या शिक्षणाचा मामला हाय. भारी दाखव."

आता यात चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा. हॉस्टेलच्या कागदांसाठी औरंगाबादला जाताना अयोध्याने बापाला बजावून सांगितलं होतं, "दादा, हलका बघा, पण पॉवरफुल बघा." पण पुंजाराम पडला शेतकरी. हलकं बियाणं, हलकी जमीन आणि हलका माणूस यांच्यापासून तो जन्मभर चार हात लांब राहिलेला. पोरगी घाईत उलटं बोलून गेली असणार, अशी त्याने टेंभुर्णीहून येताना एसटीतच समजूत करून घेतली होती. सर्जेरावने चार लॅपटॉप काढले, चारही त्याने हातात तोलून मागे सारले. शेवटी वैतागून सर्जेरावने माळ्यावरून एक काळा ठोकळा उतरवला. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीतून निघालेला जुना नग होता. तो उचलताना पुंजारामच्या मनगटात कळ आली आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाहेरचा माल हाय," सर्जेराव म्हणाला. "आठ दिवसांत पटला न्हाई तर बदलून न्या."

"न पटायला काय झालं? भारी हाय," पुंजाराम म्हणाला आणि ठोकळा मांडीवर घेऊन गावी आला. ही दोन हजार सहा सालच्या जुलैतली, एका बुधवारची गोष्ट.

अयोध्याने तो पाहिला आणि तिचं तोंडच उतरलं. पाठीवर घेतला की माणूस मागे ओढला जायचा. चालू केला की आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. बॅटरी तर नावालाच होती, वायर काढली की दहाव्या मिनिटाला मशीन डोळे मिटायचं. पण बाप शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून एकेकाला तो उचलायला लावत होता. त्याचं तोंड पाहून तिला काही बोलवेना. एमसीएचे वर्ग सोमवारी सुरू होणार होते. सोमवारी हजर झाली नाही, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आभाळ गच्च भरून आलं होतं. वारा पडला होता आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होती. अयोध्याची आई द्वारकाबाई देवापाशी दिवा लावत होती. पुंजारामची थोरली बहीण गोजरबाई, नवरा गेल्यापासून माहेरीच असलेली, उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती. लॅपटॉप आतल्या खोलीत टेबलावर वायर लावून ठेवला होता. त्याच्यापाशी कोणीच नव्हतं.

आणि आतून आवाज आला. घोगरा, ओढल्यासारखा, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"मला... माझ्या... जागी... न्या."

गोजरबाईच्या हातातलं सूप थांबलं. द्वारकाबाईच्या हातात काडी जळत बोटापर्यंत आली तरी तिला कळलं नाही. पुंजाराम उठून खोलीच्या दारापर्यंत गेला. खोलीत अंधारलं होतं आणि पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

"बाहेरचं हाय हे," गोजरबाई हळूच म्हणाली.

"दुकानदार बी तेच म्हणला," पुंजाराम म्हणाला. "बाहेरचा माल हाय म्हणला. मला वाटलं जपानचा असंल."

अयोध्या लगेच पुढे झाली. "दादा, त्याची जागा म्हंजे दुकान. आठ दिवसांची मुदत हाय ना? उद्याच वापस देऊन टाका."

पुंजाराम तयारही झाला होता. पण गोजरबाईने हात वर केला. "थांब. उद्या याच टायमाला पुन्हा बोलतंय का बघू. कोण हाय, काय पाहिजे, हे कळल्याशिवाय घराबाहेर काढायचं न्हाई. मागं लागतं ते."

शुक्रवारी सहाला ते पुन्हा बोललं. तेच शब्द, तोच ओढलेला आवाज. या वेळी गोजरबाई खोलीत जाऊन समोर बसली होती. डोळे मिटून तिने सगळं ऐकलं, आणि डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"पुंजाराम, ही माय हाय."

"कोणाची माय?"

"आपली. चांगुणाबाई. शेवटच्या आजारात तिचा आवाज असाच घोगरा झाल्ता."

मग सगळ्यांच्या नजरा एकदमच कणगीशेजारच्या कोपऱ्याकडे वळल्या. म्हातारी शेवटची अकरा वर्षं तिथेच बसायची, तिथेच झोपायची आणि तिथेच गेली. तिची जागा म्हणजे तीच. त्याला आता पुराव्याची गरज नव्हती.

पंधरा मिनिटांत त्या कोपऱ्यात गोधडीची घडी पडली, वरून वायर ओढून आणली गेली आणि लॅपटॉप तिथे बसवला गेला. द्वारकाबाईने झाकणाला हळदकुंकू लावलं.

"चहा ठेवू का?" तिने विचारलं. "सासूबाईंना सांजचा चहा लागायचा. साखर जास्त."

कोणी हसलं नाही. चहाची कपबशी खरोखरच गोधडीपुढे ठेवण्यात आली. तेवढ्यात शेजारचा अप्पाराव आला. हा माणूस बसला तर उठत नाही आणि ऐकलं तर पोटात ठेवत नाही. सगळा प्रकार ऐकून त्याने दारातच वहाणा काढल्या, कोपऱ्याला हात जोडले आणि मग विचारलं, "मंग पोरगी हे मशीन घेऊन चालली काय औरंगाबादला?"

"माय इतक्या वर्षांनी घरी आली, आन मी तिला पोरीच्या पाठीवर बांधून हॉस्टेलात धाडू?" पुंजाराम म्हणाला. "मशीन जाणार न्हाई. आन माय आली ती पोरगी निघायच्या टायमालाच आली, यात बी काहीतरी इशारा हाय. पोरगी बी जाणार न्हाई. हा माझा शब्द हाय, अप्पाराव."

गेली तीन वर्षं अयोध्या जाफराबादच्या कॉलेजात एसटीच्या दांड्याला लोंबकळत गेली होती, ती याच एका जागेसाठी. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, तो आवाज माझा हाय."

अप्पाराव ऐकायला पुढे सरकला.

"मीच बोलले. मशीनमधीच आवाज भरला, मंग त्याचा स्पीड कमी केला आन सहाचा टाइम लावून ठेवला. तुम्ही ते वापस देऊन हलका आणावा म्हणून केलं. मशीन लई जड हाय दादा. माझं चुकलं."

पुंजाराम तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. अप्पाराव तिच्यापासून दोन वीत मागे सरकला. आणि गोजरबाईने पदर तोंडाला लावला.

"धरलं," ती म्हणाली. "पोरीला बी धरलं."

"आत्या, मी खरं सांगून राह्यले."

"माझ्या मायचा आवाज माझा हाय म्हणतीय. आता आणखी काय व्हायचं राह्यलं?"

अयोध्याने तेच वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवलं. पण ती रडकुंडीला आली होती, त्यामुळे आवाज असा काही चिरकला की मशीनच्या आवाजाशी त्याचा दूरदूरचा संबंध लागेना. द्वारकाबाईने उठून तिच्या कपाळाला राजूरच्या गणपतीचा अंगारा लावला. जितकं ती खरं सांगत होती, तितका सगळ्यांचा संशय पक्का होत होता. बाप मान खाली घालून एवढंच म्हणाला, "आता तर बिलकुलच न्हाई."

"असं कर पुंजाराम," गोजरबाई म्हणाली. "उद्या सहाला मायलाच विचारू. ती जा म्हणली तर पोरगी जाईल. न्हाई म्हणली तर इथंच राहील. अप्पाराव, तुम्ही बी या."

पुंजारामने मान हलवली. गोजरबाई उठून चुलीकडे गेली, आणि जाता जाता तिने अयोध्याच्या दंडाला असा जोराचा चिमटा काढला की अयोध्या कळवळली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला.

शनिवारी दुपारी घरातली सगळी माणसं शेतात गेल्यावर अयोध्या कोपऱ्यात बसली. या वेळी तिने नीट विचार करून आवाज भरला, "पुंजाराम, पोरीला जाऊ दे." तो हळू केला, घोगरा केला, सहाची वेळ लावली आणि वायर दोनदा तपासली.

साडेपाचलाच निम्मी गल्ली आत येऊन बसली. गोजरबाईने खिडकीवर घोंगडं टाकलं होतं, कारण गेलेल्या माणसाला म्हणे उजेड सोसत नाही. कोपऱ्याला लागूनच घरधनी म्हणून पुंजाराम बसला होता, अंगावर उपरणं घेऊन. उदबत्तीचा धूर हलत नव्हता. कोणी खोकलं तरी बाकीचे वळून पाहत होते.

पावणेसहाला लाइट गेली.

अयोध्याने मनातल्या मनात मिनिटं मोजायला सुरुवात केली. मशीन आपल्या बॅटरीवर घरघरत राहिलं, आणि मग सहाला पाच मिनिटं कमी असतानाच ती घरघर बारीक होत होत थांबली. पडदा काळा झाला. अंधारात आता फक्त माणसांचे श्वास ऐकू येत होते. सोमवारची जागा गेली, असं तिला वाटलं.

सहा वाजले. अप्पारावने घड्याळ डोळ्याशी नेऊन पाहिलं. सहा वाजून दोन मिनिटं झाली.

"न्हाई म्हणती वाटतं," अप्पाराव कुजबुजला.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. घोगरा नाही. बारीक, थकलेला, थरथरणारा.

"पुंज्या."

पुंजारामला पुंज्या म्हणणारं माणूस आता जगात उरलं नव्हतं. मागे बसलेली एक बाई दुसरीच्या अंगावर कलंडली. बंद पडलेलं मशीन, काळा पडदा, आणि तिथूनच आवाज येत होता.

"पुंज्या, पोरीला जाऊ दे रे बाबा. माझ्यासारखा अंगठा लावाया नको लावू तिला."

गोजरबाईने द्वारकाबाईचा हात गच्च पकडला. पुंजाराम तर केव्हाच पुढे वाकून, डोक्यावरून उपरणं ओढून, कपाळ जमिनीला टेकवून पडला होता. त्याचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने तो उठून बसला. त्याने कोणाशी शब्दही काढला नाही. अयोध्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. अप्पारावने ती मान सगळ्या गावाला पोचवली.

रविवारी सकाळी निघताना अयोध्या आत्याच्या पाया पडली आणि कानाशी लागून म्हणाली, "आत्या, काल आवाज बराबर काढला तुम्ही."

गोजरबाईचा चेहरा पांढरा पडला. "मी कुठं काढला? मला वाटलं तूच काढला."

"मी तर मशीनमधी भरून ठेवल्ता. मशीन तर बंद पडल्तं."

"पहिला आवाज तुझा हाय, हे मला शुक्रवारी समोर बसून ऐकला तवाच कळल्तं," गोजरबाई म्हणाली. "म्हणलं, पोरगी हुशार हाय, आता मायच्या तोंडून पुढचं बी वदवून घेईल. पुंजाराम मायशिवाय कोणाचं ऐकत न्हाई. तर तू कबूल करून बसली. मंग मला ते धरलं-बिरलं म्हणावं लागलं. पण पोरी, माय घोगरी कधीच न्हवती. शेवटपतोर बारीकच बोलायची."

"बारीक म्हंजे?"

"कालच्यासारखी."

दोघींनी कोपऱ्याकडे पाहिलं. गोधडीवर ते काळं झाकण बसलं होतं. पुढे सकाळच्या चहाची कपबशी ठेवलेली होती. दोघीही मग त्या खोलीत एक क्षण थांबल्या नाहीत.

एसटीत अयोध्या खिडकीशी बसली. तिच्या मांडीवर फक्त कपड्यांची पिशवी होती. शेजारी बसलेला पुंजाराम सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता. आईचा आवाज ऐकल्यावर माणूस दुसरं काय करणार, असं सगळं गाव म्हणत होतं. कंडक्टर जवळ आला तेव्हा पुंजारामने दोन बोटं दाखवली आणि म्हणायला गेला "औरंगाबाद". पण घशातून नुसती हवा आली.

"काका, घसा पार बसला तुमचा," कंडक्टर म्हणाला. "रात्रभर भजनात व्हते का काय?"

पुंजारामने मान हलवून तिकिटं घेतली. कंडक्टर पुढे गेल्यावर त्याने आधी मागे कोण बसलंय ते पाहिलं, मग पोरीच्या कानाशी वाकला.

"माय लई बारीक बोलायची," तो फाटक्या आवाजात म्हणाला. "तितकं वर जाता जाता माझी पार वाट लागली."

अयोध्याला हसू आलं आणि हसता हसताच रडू कोसळलं. "दादा, पण मंग सरळ जा म्हणायचं ना."

"अप्पारावसमोर शब्द देऊन बसल्तो. तू कबूल केलं तवाच मला सगळं कळल्तं, पण तो तिथंच बसल्ता. शब्द वापस घेतला तर जन्मभर चिडवील."

बस एका खड्ड्यातून गेली. पुंजाराम कपाळाला हात लावून म्हणाला, "आन घसा बसला म्हणून एक ओळ म्हणायची राह्यली."

"कोणती?"

"मशीन बी दुकानात वापस दे, अशी. आता ते तिथून हलवायचं कसं? तुझी आई त्याला रोज दोन टाइम चहा देऊन राह्यली."