शिट्टीसाहेबांची पूर्ण हजेरी

शिट्टीसाहेबांनी शिट्टी मारली आणि पॅरिशचे त्रेचाळीस यात्रेकरू चर्चच्या आवारात रांगेत उभे राहिले. एक शिट्टी म्हणजे रांग, दोन शिट्ट्या म्हणजे खाली बसा, हे नियम साहेबांनीच छापून वाटले होते. जन्मभर हेडक्लार्की केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कारकून कुठून मिळणार? त्यांनी भाविकांवर भागवलं होतं.

यंदा तर साहेब गुडघ्याला बाशिंग बांधून होते. डोंगरातल्या चॅपलमध्ये मिस्साची प्रार्थना झाली की फादर पॅरिश समितीचा नवा अध्यक्ष जाहीर करणार होते. अध्यक्षाची यात्रेला पूर्ण हजेरी हवी, हा नियमही साहेबांचाच. अध्यक्षपदासाठी त्यांच्या वाटेत आडवा येणाऱ्या औषधवाल्याला बस लागायची आणि तो दरवर्षी अर्ध्या वाटेत उतरायचा, म्हणून हा नियम. हजेरीबुक त्यांनी बायकोच्या हातात दिलं होतं. उशिरा आला तर हाफ डे, आणि शेऱ्यासमोर ज्याची त्याची सही.

बरोबर साडेपाचला बस सुटली.

"अहो, मागून कोणीतरी पळत येतंय," बायको म्हणाली.

"घड्याळ बघ. एक मिनिट वर झालंय."

"म्हातारी बाई आहे हो. हात करतेय."

"म्हातारपण काय आज सकाळी आलं का? तासभर आधी निघायचं!"

यावर बसमध्ये टाळ्या पडल्या. बाहेर राहिलेल्या माणसाची जागा आपल्याला पाय पसरायला मिळाली की कोणालाही शिस्तीचं कौतुक वाटतं. औषधवाला तेवढा पिशवीत तोंड घालून बसला होता.

दोन तासांनी सगळे चॅपलपाशी पोचले. इवलंसं चॅपल, आणि दाराला मुठीएवढं कुलूप. चॅपल सांभाळणाऱ्या मावशींचा पत्ता नव्हता. साहेबांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, नुसती पत्रं पाठवली होती. त्यांनी तडक फोन लावला आणि मावशींची खरडपट्टी सगळ्यांना ऐकू जावी म्हणून स्पीकर चालू केला.

"मावशी, कुठे आहात तुम्ही?"

"तुमच्या चर्चच्या पायरीवर, साहेब."

"तिथे काय करताय?"

"तुमचं पत्र आलं ना! यात्रेशी संबंध असलेल्या प्रत्येकाने चर्चमध्ये हजर राहावे, अपवाद नाही. कालच आले. पहाटे पाचपासून आत प्रार्थनेला बसले होते. बस निघाल्याचा आवाज आला तशी धावले. हातसुद्धा केला."

"आणि किल्ली?"

"गळ्यात आहे की. किल्ली दुसऱ्याकडे देऊ नये, हेही तुम्हीच लिहिलंय."

फादरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे यात्रेला निघण्याआधी चर्चच्या आत कोणी डोकावलंच नाही?"

त्रेचाळीस जण आपापल्या बुटांकडे बघू लागले.

मावशींना यायला दोन तास लागणार होते. तोवर फादरांच्या मनातून आपण उतरणार, या विचाराने साहेबांनी चॅपलला एक चक्कर मारली. मागच्या दाराला आतून नुसती कडी होती आणि बाजूला एक खिडकी उघडी होती. "मी स्वतः जातो," साहेबांनी जाहीर केलं आणि ते ड्रायव्हरच्या खांद्यावर चढले. डोकं आत गेलं, हात गेले, शिट्टी गेली. पोट मात्र गेलं नाही.

मागे हटावं तर तेही जमेना. आतून ओरडलेलं बाहेर कोणाला कळेना. शेवटी साहेबांनी शिट्टी मारली. बाहेर सगळे रांगेत उभे राहिले. घाबरून त्यांनी आणखी दोन मारल्या. सगळे खाली बसले. मग एकामागून एक पाच. पाच शिट्ट्यांचा अर्थ काय, हे बघायला एकाने छापील नियम काढले आणि "यात तर काही दिलेलं नाही" म्हणून पुन्हा खिशात ठेवले. एवढी आज्ञाधारक मेंढरं कळपातही सापडायची नाहीत.

अखेर ड्रायव्हरने पाय धरून ओढून पाहिलं, पण साहेब आतून असे किंचाळले की त्याने पाय सोडून दिले आणि खाली एक स्टूल लावून दिलं.

मावशी भाजीच्या टेम्पोतून आल्या आणि त्यांनी गळ्यातल्या किल्लीने दार उघडलं.

"आधी यांना काढू या का?" बायकोने विचारलं.

"चौकट फोडावी लागेल. गवंडी येईपर्यंत मिस्सा होऊन जाईल," फादर म्हणाले. "साहेबांना तिथून वेदी छान दिसतेय."

मिस्सा झाली. सगळे गुडघ्यांवर आले तेव्हा साहेब भिंतीतून नुसते बघत राहिले. भाजीवाल्या टेम्पोचा ड्रायव्हरदेखील आत बसला होता. साहेबांना रडू आलं, पण डोळे पुसायचे तर हात भिंतीवरून सोडावे लागले असते.

शेवटी फादरांनी अध्यक्षपदाचा कागद काढला. साहेबांनी मान ताठ केली. पण बायको चाळीस वर्षं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ती हजेरीबुक घेऊन पुढे आली.

"फादर, सगळ्यांची हजेरी लावली. औषधवाले भाऊजीही पूर्ण हजर आहेत. फक्त यांचं काय लिहू? कमरेपासून वर आत आहेत, बाकीचे बाहेर."

फादरांनी खिडकीकडे नीट निरखून पाहिलं.

"हाफ डे लिहा."

बायकोने सुवाच्य अक्षरात तसं लिहिलं आणि नियमाप्रमाणे शेऱ्यासमोर सही घ्यायला हजेरीबुक खिडकीशी धरलं.