दर रविवारी पाव

पहिल्या रविवारी टाकीतल्या माशांनी जगदाळ्यांना घरातला पाव भाग बदलायला सांगितलं, तेव्हा आईने बेकरी बदलली.

तिचा दोष नव्हता. मोठा मासा एवढंच म्हणाला होता, "आज रविवार. पाव बदलायचा." आई स्वयंपाकघरात फोडणी देत होती. एसटी स्टँडसमोरच्या बेकरीतून इतकी वर्षं येणारा पाव तिने बंद केला आणि मंगळवार पेठेतल्या भट्टीवरून नवा आणला. सगळ्यांनी तो मिसळीबरोबर खाल्ला. आबा म्हणाले, "आंबूस आहे, पण मऊ आहे." मासे आठवडाभर काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी मोठा मासा काचेशी येऊन थांबला. रंगाने नारिंगी, शेपटीला काळी किनार, आणि तोंडावर निवृत्तीला आलेल्या माणसाचा गंभीरपणा.

"बदल झालेला नाही," तो म्हणाला.

"झाला की," आई म्हणाली. "मी स्वतः जाऊन आणला."

"पाव म्हणजे चौथा हिस्सा."

बाबांनी पेपर खाली ठेवला. घरात माणसं चारच होती: आबा, बाबा, आई आणि रेणुका. हिशेब जरा अवघड असता तर बरं झालं असतं.

अट रेणुकानेच घातली होती. नेदरलँड्समध्ये सहा वर्षं गोड्या पाण्याचा अभ्यास करून ती परत आली, ती एक गोष्ट मनाशी पक्की करून. मोठं काही बदलायचं तर सुरुवात घरापासून करायची. टीव्ही काढून तिथे तिने टाकी मांडली. पाणी नितळ येईपर्यंत खडे धुतले, वनस्पती रोवल्या, फिल्टर लावला आणि महिनाभर नुसतं पाणीच ठेवलं. आई रोज विचारायची, "मासे कधी?"

"पाणी मुरतंय अजून," रेणुका सांगायची. "आधी त्यात जिवाणू रुजले पाहिजेत."

"तिकडची नोकरी सोडून ही इकडं आली तेव्हाच मला वाटलं होतं," बाबा म्हणायचे, "कुठंतरी पाणी मुरतंय."

मासे आणले त्या दिवशीही तिने पिशवी लगेच उघडली नाही. कुणाला न विचारता कुठेतरी नेऊन ठेवणं तिला पटत नव्हतं. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तिने माशांना विचारलं, इथे राहाल का. मोठ्या माशाने विचारलं, नियम काय असतील. रेणुकाचा चेहरा उजळला. "दर रविवारी नळीने पाव पाणी काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. जो नियम टाकीला, तोच घराला," ती म्हणाली. बाबांनीही मान डोलावली, कारण पोरगी एवढं शिकून आली होती. मासा "ठीक आहे" म्हणाला आणि टाकीत उतरला.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. अशा वेळी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं. टाकीसमोर खुर्ची ओढून ते म्हणाले, "साहेब, मुदतवाढीचं काही बघा ना."

"पाण्याला मुदतवाढ देता का?"

"मग सोफा बदलतो. पडदेही बदलतो. मिळून पाव भाग सहज भरेल."

"सोफा म्हणजे खडे," मासा म्हणाला. "खडे धुतात. बदलत नाहीत."

आईने त्याच दुपारी सोफ्याची कव्हरं धुवायला टाकली. त्याने काही झालं नाही. आठवड्याच्या मध्यावर घरातली हवा जड झाली. पाणी बिघडलं की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, तशी चौघंही अधूनमधून खिडकीच्या गजांशी तोंड नेऊन उभी राहू लागली. सगळ्यात जास्त त्रास आबांना झाला. त्यांची खुर्ची खिडकीपासून लांब, कोपऱ्यात होती. बोलता बोलता थांबून ते श्वास गोळा करायचे आणि म्हणायचे, "काही नाही, उन्हाळा आहे."

"मासे परत देऊन टाक," आई म्हणाली.

"मी शब्द दिलाय, आई."

"शब्दाचं नको सांगूस. दिवाळीला येते, दिवाळीला येते, असा सहा वर्षं देत होतीस. तो कुणी धरला?"

"परत देऊन उपयोग नाही," मासा म्हणाला. "बिघडली आहे ती तुमची हवा. आम्ही गेलो तरी ती तुमच्याकडेच राहील."

शनिवारी संध्याकाळी बाबांनी हळूच विचारलं, "साहेब, सुरुवात कुठून करायची?"

मासा रेणुकाकडे वळला. "तुम्ही नळी कुठे धरता?"

नळी ती तळाशी धरायची. गाळ तिथेच बसतो. हे तिनेच सगळ्यांना उभं करून समजावून दिलं होतं. आता सगळेजण कोपऱ्यातल्या खुर्चीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

"मी तळालाच बसलोय की," आबा म्हणाले. त्यांनी श्वास घेतला. "माझं काय, दोन जोड कपडे आणि चष्मा. आवरायला वेळ लागायचा नाही."

"तुम्ही कुठेही जायचं नाही, आबा."

तिला पाण्याचं वेड लावलं होतं ते आबांनी. घाटाच्या पायरीवर बसवून, पाय पाण्यात सोडायला लावून, हलू नको, आता मासे येतील बघ, असं सांगून. तिकडून ती व्हिडिओ कॉल करायची तेव्हा आबा फोन कानालाच लावायचे, त्यामुळे सहा वर्षं तिने त्यांचा फक्त कान पाहिला होता. आता कुठे ती त्यांचा चेहरा बघत होती.

ती टाकीसमोर उभी राहिली. "माझं एक म्हणणं आहे. सहा वर्षं मी या घरात नव्हते. म्हणजे चौथा हिस्सा कमीच होता. तो बदलात धरा."

"ते उडणं झालं," मासा म्हणाला. "पाणी उडून गेल्याने गाळ कमी होत नाही. मागे राहतं ते दाट होतं."

आई उठून स्वयंपाकघरात गेली.

"आणि तुम्ही परत आलात," मासा आवाज न चढवता पुढे म्हणाला, "तेव्हा तुम्हाला थेट ओतलं गेलं. नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं असतं, औषधाचा वास उडू द्यायचा असतो. तुम्ही विमानतळावरून सरळ आत आलात आणि पहिल्याच दिवशी टीव्ही काढलात. तेव्हापासून या तिघांचे डोळे चुरचुरतात."

रेणुकाने बाबांकडे पाहिलं. बाबा डोळे चोळत होते. त्यांनी हात पटकन खाली घेतला.

"तसं काही नाही गं," ते म्हणाले. "धूळ असते."

रविवारी सकाळी आबा अंघोळ करून बाहेर आले तेव्हा त्यांच्या खुर्चीत रेणुका बसली होती. पायाशी तिची सॅक होती.

"ऊठ, बाळ. जागा माझी आहे ती."

"आज तळाला मी आहे, आबा."

"तिकडं हे शिकवतात का? म्हाताऱ्याची खुर्ची बळकावायला?"

ती हसली नाही. ती टाकीकडे बघत होती. आईच्या हातात उलथनं तसंच राहिलं होतं. मासा खाली गेला, खड्यांजवळून एक फेरी मारली, आणि वर आला.

"तळाला जे असेल ते काढायचं," तो म्हणाला. "कोण आहे ते आम्ही बघत नाही. फक्त काढलेलं पाणी त्याच टाकीत परत घालत नाहीत."

"माहीत आहे. मीच सांगितलंय."

"मग ते जातं कुठं?" आईने विचारलं.

"झाडांना," रेणुका म्हणाली. टाकीतलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात कस असतो, हेही तिनेच घरात लावून दिलं होतं. आईने डबा भरून दिला आणि म्हणाली, "बागेत कढीपत्त्याखालच्या बाकावर बस. तिकडं सावली असते." रेणुका जिना उतरत असताना वर आबांनी एक लांब, मोकळा श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

बाकावर तिला फार वेळ बसावं लागलं नाही. रेणुकाचं बघून सोसायटीत बऱ्याच जणांनी टाक्या घेतल्या होत्या, अटीसकट. बी विंगमधल्या मानेकाकू पिशवी हलवत आल्या. "आमच्याकडचा मुलगा आज काढला," त्या म्हणाल्या. "पुण्याला जायचं म्हणून नाचतच होता. तू येतेस का?"

मान्यांनी मात्र सगळं नीट केलं. तिला एक रात्र गच्चीवर उघड्यावर ठेवलं, सकाळी उंबऱ्याशी बसवलं, आणि दोन्हीकडची ऊब सारखी झाल्यावरच आत घेतलं. कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत.

मान्यांच्या गॅलरीतून समोरचं, ए विंगमधलं, घर दिसायचं. तिच्या जागी आलेली मुलगी टाकीची काच पुसताना दिसायची. तिने टीव्ही दुसऱ्या भिंतीला लावून दिला होता आणि बाबा तो बघत बसायचे. आबांची खुर्ची कोपऱ्यातच होती. रेणुका आठवडाभर त्या खुर्चीकडे बघत होती. ती कुणीतरी हलवावी असं तिला वाटत होतं, पण ते सांगायला ती आता त्या घरातली नव्हती.

रविवारी सकाळी खुर्ची रिकामी होती.

मान्यांकडे त्या दिवशी मानेकाका पहाटेच बॅग घेऊन कोपऱ्यात बसले होते. त्यांना कधीपासून मालवणला जाऊन राहायचं होतं. "घ्या, काढा मला," ते म्हणाले.

"लग्नापासून पहिल्यांदा वेळेवर तयार झालेत," काकू म्हणाल्या. "आता भरायला कोण आणायचं?"

रेणुका तेव्हा जिन्यात होती.

कढीपत्त्याखाली आबा बसले होते. सी विंगमधला एक माणूस त्यांच्या पिशवीला हात घालून उभा होता. "चला, आजोबा," तो म्हणत होता, "आमचा दुसरा मजलाच आहे."

"हे आमच्याकडे यायचेत," रेणुका म्हणाली.

"आमच्याकडे म्हणजे?"

"माने. बी विंग."

त्या माणसाने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. नाकं सारखी होती. "नात्यातले आहेत का? मग ते तेच पाणी झालं. चालत नाही ते. आमच्या माशांनी स्पष्ट सांगितलंय."

आजवर तिने एकही नियम वाकवला नव्हता, आणि हा तर तिचा स्वतःचा होता.

"नाही," ती म्हणाली. "मी यांना ओळखत नाही."

माणूस आबांकडे वळला. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला आणि रेणुकाला सावकाश, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण आहे ही पोरगी?" ते म्हणाले.

माणसाने पिशवी सोडली.

आबा रात्रभर गच्चीवर राहिले. सकाळी ते मान्यांच्या उंबऱ्याशी येऊन बसले. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला रेणुका बसली.

"येऊ का आत?"

"थोडं थांबा. सारखं होऊ दे."

आबा थांबले. हलायचं नाही हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. मान्यांचे मासे काचेशी रांगेने उभे राहून बघत होते. बऱ्याच वेळाने रेणुकाने विचारलं, "चुरचुरतंय का?"

"नाही."

"मग या."

आबा आत आले आणि सवयीने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे निघाले. रेणुकाने खोलीच्या मधोमध, खिडकीसमोर, स्टूल सरकवलं. आबांनी खुर्चीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि स्टुलावर बसले. त्या आठवड्यात कोपऱ्यात कुणीच बसलं नाही.

मानेकाकू चहा घेऊन आल्या. "आजोबा, बरोबर पाव देऊ का?"

"कुठल्या बेकरीचा?"

"स्टँडसमोरच्या."

"द्या," आबा म्हणाले. "मी आधी होतो तिथं मध्यंतरी बदलला होता."